'वयात येणे' आणि 'वय होणे' यांच्यामधले वय

मराठीत मुलगी बारा-तेराव्या वर्षी 'वयात येते' आणि पासष्टीच्या पुढे माणसाचे 'वय होते'. या दोन वाक्प्रचारांच्या दरम्यान जी पन्नासेक वर्षे जातात, त्यांत माणसाला वय असते की नाही, याविषयी भाषा मौन बाळगते. इंग्रजीतील 'मिडलाइफ' या शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला, तर बहुतेक जण 'मध्यमवय' असे उत्तर देतील. मात्र, हा शब्द स्वतःविषयी वापरणारा मराठी माणूस भेटणे कठीण. 'मी आता मध्यमवयात आलो' असे कुणी म्हणत नाही. तो शब्द राहतो वृत्तपत्रांत, त्यातही प्रामुख्याने पोलिसांच्या निवेदनांत. रेल्वेस्थानकावर बेशुद्धावस्थेत आढळलेली व्यक्ती ओळख पटेपर्यंत 'मध्यमवयीन अनोळखी इसम' असते; ओळख पटली, की ती शेतकरी, शिक्षक, मिस्त्री किंवा दोन मुलांचा बाप होते. जिल्हा वार्ताहराच्या टेबलावर अशी निवेदने नेहमी येतात. ज्याच्याबद्दल दुसरे काहीच सांगता येत नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेला हा शब्द आहे, असे ती वाचताना वाटते.

सरकारी परिभाषेतही हीच गत आहे. २००३ च्या राष्ट्रीय युवा धोरणाने १३ ते ३५ या वयोगटाला युवा मानले. २०१४ च्या धोरणाने ही मर्यादा १५ ते २९ वर आणली. दुसऱ्या टोकाला, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाबाबतच्या २००७ च्या कायद्याने साठाव्या वर्षापासून ज्येष्ठत्व बहाल केले. एसटी महामंडळाच्या लेखी मात्र साठीचा माणूस ज्येष्ठ नव्हे. तेथे निम्म्या तिकिटासाठी पासष्टी आणि ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवासासाठी पंचाहत्तरी पूर्ण करावी लागते. तिशीला तारुण्य संपले आणि साठीला ज्येष्ठत्व सुरू झाले, असे धरले तरी मधली तीस वर्षे उरतातच. त्यांना शासनाने नाव दिलेले नाही. कर भरणारा, कर्ज फेडणारा आणि इतर दोन्ही गटांना पोसणारा हा वर्ग. त्यासाठी योजना नाही, म्हणून कदाचित नावही नाही.

नाव नसण्याचे एक साधे कारण आयुर्मानात सापडते. आयुष्याचा मध्य ठरवायचा तर आयुष्य किती, याचा काही अंदाज हवा. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. अर्थात, ३२ या आकड्याचा अर्थ माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत असा नव्हे. बालमृत्यू अफाट होते आणि त्यांनी सरासरी खाली ओढली होती. जे लहानपण ओलांडत त्यांतील अनेक जण साठीपर्यंत जात. तरीही पटकी, प्लेग, बाळंतपण आणि दुष्काळ यांच्या छायेत वावरणाऱ्या समाजाला 'आता आपण नेमके अर्ध्यावर आहोत' असा हिशेब मांडण्याचे कारण नव्हते. मध्य ही कल्पना शेवटाची बरीचशी खात्री असलेल्यांना सुचते.

मग आपल्या भाषेत होते काय? होती ती दशकांची नावे. विशी, तिशी, चाळिशी, पन्नाशी, साठी. त्यांना जोडून येणारी क्रियापदे लक्षपूर्वक ऐकावीत. विशी 'गाठतात', चाळिशी 'ओलांडतात', पन्नाशी 'उलटते'. साठीला तर बुद्धीच 'नाठी' होते. चढापासून उतारापर्यंतचा सारा प्रवास या क्रियापदांत आला आहे आणि 'उतारवय' या शब्दात तो उघडच बोलून दाखवला आहे. या सर्वांत 'चाळिशी'ची कथा निराळी. चाळिशी म्हणजे चाळिसावे वर्ष. चाळिशी म्हणजे त्या सुमारास जवळचे अक्षर पुसट दिसू लागण्याचा दोष. आणि चाळिशी किंवा चाळशी म्हणजे त्यावर उपाय म्हणून नाकावर येणारा चष्माही. डोळ्यांतील भिंग वयानुसार ताठर होत जाते, जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्याची त्याची लवचीकता घटते आणि वर्तमानपत्र हातभर लांब धरावे लागते. वय, विकार आणि वस्तू या तिन्हींना एकच नाव देण्याची ही किमया केवळ शब्दचमत्कृती नाही. मराठी माणसाने आयुष्याचा मध्य तत्त्वज्ञानाने ओळखला नाही. सुईत दोरा जाईना, तेव्हा ओळखला.

'प्रौढ' हा शब्द अधिक भारदस्त. तो 'प्र' आणि 'ऊढ' यांपासून बनला. ऊढ म्हणजे वाहून नेलेले. पुढे वाहत आलेला, पूर्ण वाढ झालेला, असा त्याचा मूळ आशय. संस्कृत साहित्यशास्त्रात मुग्धा, मध्या आणि प्रौढा असे नायिकांचे प्रकार सांगितले आहेत. तेथे प्रौढा म्हणजे प्रेमव्यवहारात निष्णात स्त्री. पुढे विवाहविषयक जाहिरातींत 'प्रौढ' म्हणजे लग्नाचे वय टळलेले असा अर्थ झाला. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने तर १५ ते ३५ वयाच्या निरक्षरांना प्रौढ ठरविले. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी रात्रवर्गात प्रौढ, आणि चाळिशीतली तिची आई त्या व्याख्येबाहेर! एकाच शब्दाने इतकी ओझी वाहिल्यावर त्याने नेमके वय सांगावे, ही अपेक्षा गैर ठरते.

'पोक्त' हा शब्द फारसीतून आला. पुख्ता म्हणजे शिजलेले, पिकलेले, पक्के. पोक्त माणूस, पोक्त विचार, पोक्त सल्ला असे आपण म्हणतो. त्यात वयापेक्षा मुरलेपण अधिक आहे आणि ते कौतुकाने सांगितले जाते. हिंदीत 'अधेड' असा थेट अर्ध्यावर बोट ठेवणारा शब्द आहे. वर्ध्यात हिंदीचा वावर जुना आहे. १९९७ साली स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही येथेच आहे. तरीही 'अधेड' मराठीत रुळला नाही. वऱ्हाडी बोलीने आपला मार्ग काढला आहे. घरात सून आली, नातवंड झाले, की चाळिशीतली बाई 'बुढी' आणि तिचा नवरा 'बुढा' होतो. त्यात नेहमी अवहेलना असतेच असे नाही, बऱ्याचदा मायाच असते. मात्र, येथेही वय ठरते ते नात्यावरून, वर्षांवरून नव्हे.

धर्मशास्त्राने केलेली मोजणी पाहिली तरी हाच अनुभव येतो. वयोवस्थेच्या शांती पन्नासाव्या वर्षीच्या वैष्णवी शांतीपासून सुरू होतात. साठीला उग्ररथ शांती आणि ऐंशीच्या पुढे सहस्रचंद्रदर्शन. चाळिशीसाठी विधी नाही. आश्रमव्यवस्थेत गृहस्थानंतर वानप्रस्थ येतो आणि मनुस्मृतीने त्याची खूण वर्षांत सांगितलेली नाही. अंगावरच्या सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवाचे तोंड या तीन गोष्टी दिसल्या, की गृहस्थाने अरण्याचा मार्ग धरावा, असा तो दंडक आहे. मधल्या वयाचे भान देणारी आपल्या परंपरेतील ही बहुधा सर्वांत स्पष्ट संकल्पना. आणि तिला आधुनिक काळात नवा अर्थ देणाऱ्या माणसाचा वर्ध्याशी दृढ संबंध आहे.

१९०६ साली दक्षिण आफ्रिकेत झुलूंच्या बंडाच्या वेळी जखमींची शुश्रूषा करीत असताना मोहनदास गांधींनी ब्रह्मचर्याचा निश्चय केला. तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. सार्वजनिक सेवा करायची तर संतती आणि संपत्तीचा मोह सोडून वानप्रस्थाचे जीवन जगावे लागेल, असा आपला त्या वेळचा विचार त्यांनी आत्मचरित्रात नोंदविला आहे. नातवाची वाट न पाहता, अरण्यात न जाता, गर्दीतच घेतलेला हा वानप्रस्थ होता. सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, ते १९३६ मध्ये आले, तेव्हा त्यांची सहासष्टी उलटली होती. वर्ध्याला त्यांचे मध्यमवय लाभले नाही. लाभले ते त्यांच्या सहकाऱ्यांचे.

विनोबा भावे मार्च १९५१ मध्ये पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले, तेव्हा ते ५५ वर्षांचे होते. राज्य शासनाचा बहुतांश कर्मचारीवर्ग ५८ व्या वर्षी घरी बसतो, हे लक्षात घेतले तर निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना त्यांनी चालायला सुरुवात केली, असे म्हणता येईल. त्याच प्रवासात १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीला पहिले भूदान मिळाले आणि पुढची तेरा वर्षे ते चालतच राहिले. २६ डिसेंबर १९१४ हा दिवस तर या जिल्ह्यासाठी विलक्षण योगायोगाचा. त्या दिवशी हिंगणघाटला मुरलीधर देविदास, अर्थात बाबा आमटे, जन्मले आणि त्याच दिवशी तिकडे पंजाबात सुशीला नायर. आमटे यांनी ऐन पस्तिशीच्या उंबरठ्यावर, १९४९ मध्ये, वकिली मागे टाकून महारोगी सेवा समिती उभारली. डॉ. नायर यांनी केंद्रीय आरोग्यमंत्रिपद भूषविल्यानंतर १९६९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, सेवाग्रामला देशातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात व्यापार-राजकारणातून लक्ष काढून गोसेवेला वाहून घेतले; ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले, तेव्हा अवघे ५२ वर्षांचे होते. त्यांच्यामागे ४९ वर्षांच्या जानकीदेवींनी गोसेवेची धुरा खांद्यावर घेतली आणि १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

पाश्चात्त्य मानसशास्त्राने या वयाला जे नाव दिले, ते मात्र संकटाचे. कॅनडात जन्मलेले मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९५७ मध्ये लंडनच्या एका सभेत निबंध वाचला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्दप्रयोग जगभर गेला. सुमारे तीनशे चित्रकार, संगीतकार, कवी यांची चरित्रे तपासून जॅक्स यांनी पस्तिशीनंतरच्या काही वर्षांत त्यांच्या कामात खोल बदल होतो, असे मांडले. आपला मृत्यू ही ऐकीव गोष्ट न राहता खरी वाटू लागते, हे त्यांच्या मते त्याचे कारण. निबंध वाचला तेव्हा जॅक्स स्वतः चाळीस वर्षांचे होते. पुढे चित्रपटांनी या संकल्पनेतून मृत्यूची जाणीव वगळली आणि लाल मोटारगाडी तेवढी ठेवली. अमेरिकेतील पाहण्यांत असे संकट आपल्यावर आले, असे सांगणारे लोक साधारण चौथा हिस्सा निघाले. त्यांतही अनेकांना वय नव्हे, तर आजारपण, घटस्फोट किंवा नोकरी जाणे अभिप्रेत होते.

याच्या पलीकडचा विचार एरिक एरिक्सन यांनी मांडला. आयुष्याच्या आठ अवस्थांपैकी सातवी, मधल्या वयाची. तेथे माणसापुढे पेच असतो तो, आपल्यामागे जे उरणार आहे त्याची, पुढच्या पिढीची आणि कामाची जबाबदारी घेण्याचा; ती घेतली नाही तर साचलेपण येते. हे सूत्र तपासण्यासाठी एरिक्सन यांनी निवडला तो गांधींच्या चरित्रातील एक प्रसंग. १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप आणि ४८ वर्षांच्या गांधींचे त्यातील उपोषण यांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत या अनुभवाचे अलीकडच्या काळातील सर्वाधिक वाचले गेलेले कथन सेवाग्रामच्या परिसरात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांचे. वयाच्या ४४ व्या वर्षी आलेल्या हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या त्या पुस्तकाच्या नावात 'संकट' नाही. 'साक्षात्कारी' हा शब्द आहे.

एरिक्सन यांना जे म्हणायचे होते, त्यासाठी इंग्रजीत त्यांना जवळपास नवा शब्द घडवावा लागला. आपल्याकडे तो चुलीपाशी पडलेला आहे: कर्तेपण. 'मुलगा कर्ता झाला', 'कर्त्यासवरत्या माणसाने असे बोलू नये', 'घरची कर्ती बाई' ही रोजची वाक्ये. मिडलाइफला मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर तो 'मध्यमवय' नसून 'कर्तेपण' आहे, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत. कर्तेपण जन्मतारखेने येत नाही. वडील अंथरुणाला खिळले तर ते विसाव्या वर्षी येते, वडिलांनी तिजोरीची किल्ली सोडली नाही तर पन्नाशीतही येत नाही. मात्र, या शब्दात एक उणीव आहे आणि ती जीवघेणी आहे. कर्ता थकतो, खचतो, घाबरतो, हे सांगण्याची सोय त्यात नाही. 'कर्ता पुरुष' हे शब्द सर्वाधिक वेळा छापून येतात ते त्याच्या मरणाच्या बातमीत. वर उल्लेखिलेल्या मंडळींशी सेलू-देवळीच्या कास्तकाराची तुलना करता येत नाही ती याच कारणाने. विनोबा अविवाहित होते. इतरांनी एक कर्तेपण सोडून दुसरे घेतले, तेव्हा पहिल्याची जबाबदारी कुणी ना कुणी उचलत होते. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज समोर असलेल्या माणसाला वानप्रस्थ परवडत नाही.

विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत वर्धा होता. त्या काळात एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरणे 'पात्र' की 'अपात्र' हे ठरविले जाई. सुरुवातीला मृताच्या नावावर जमीन आहे का, हा प्रश्न निर्णायक होता आणि तेथे कर्तेपणाची दोन रूपे समोरासमोर आली. शेत वाहणारा, कर्ज अंगावर घेणारा चाळिशीतला मुलगा; सातबारा म्हाताऱ्या वडिलांच्या नावे. घराच्या लेखी तो कर्ता होता, कागदाच्या लेखी शेतकरीही नव्हता. शेतात राबणाऱ्या बायकांच्या बाबतीत हे आणखी सर्रास घडले. पुढे निकष सैल झाले आणि कुटुंबीयांच्या नावावरील जमीन ग्राह्य धरली जाऊ लागली.

बायकांच्या वाट्याला आलेली शब्दसंपत्ती वेगळीच आहे. पंचेचाळीस-पन्नाशीच्या दरम्यान पाळी थांबते. भारतीय स्त्रियांत ती पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत काही वर्षे आधी थांबते. वैद्यकीय मराठीत तिला 'रजोनिवृत्ती' म्हणतात. सेवानिवृत्तीतली निवृत्ती तीच. पण पुरुषाच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ आणि निरोपसमारंभ असतो. बोलण्यात 'पाळी गेली' एवढेच म्हणतात आणि तेही बायका बायकांतच. रात्री अंगाचा होणारा दाह, घाम, उडालेली झोप, कारण नसताना येणारे रडू, हाडांचे ठिसूळ होणे, यांसाठी घराघरांत एक शब्द नाही. 'मला काहीतरी होते' या वाक्यापाशी रुग्ण आणि डॉक्टर दोघेही थबकतात. त्यातून कधी कधी नको असलेली शस्त्रक्रिया पदरी येते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर महिलांची गर्भाशये ऐन तिशीत काढली गेल्याचे प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजले, ते आठवावे.

कायद्याने मात्र 'कर्ता' या शब्दाचे लिंग हळूहळू सैल केले आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, घरातील ज्येष्ठ सहदायाद स्त्री हिंदू एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते, असा निर्णय दिला. त्याआधी शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम चालविली होती. नवऱ्याने आपणहून शेतीचा हिस्सा बायकोच्या नावे करावा, असे तिचे स्वरूप. तिचे प्रवर्तक शरद जोशी स्वतःच चाळिशीच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधील आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून चाकणजवळ कोरडवाहू शेती करायला आले होते. शासनानेही १९९२ मध्ये या नावाने परिपत्रक काढले.

तलाठ्याच्या दप्तरात या साऱ्याचा एक अवशेष अजून वाचायला मिळतो. जुन्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.क.' अशी तीन अक्षरे असतात: एकत्र कुटुंब कर्ता. कुठे 'ए.कु.मॅ.', म्हणजे मॅनेजर, असेही आढळते. धाकटे भाऊ आणि बहिणी या तीन अक्षरांच्या आड असतात. त्यांची नावे वेगळी लावून घ्यावी लागतात. दुसरा शेरा 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील गेले तेव्हा वारस लहान असेल, तर आई किंवा काका यांच्या नावापुढे तो लागतो आणि वारस अठरा वर्षांचा झाल्यावर कमी व्हायला हवा. अर्ज कुणी करीत नाही, शेरा तसाच राहतो. २०२५ मध्ये राज्यभर राबविलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेण्यात आले. मात्र, जेथे जुने शेरे कायम आहेत, तेथे नाकावर चाळशी आलेला, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या खटपटीत असलेला कास्तकार पीककर्जासाठी उतारा काढतो आणि त्यावर तो अजून अज्ञान असतो.